न फुटलेल्या शेंगा

यंदा दिवाळीच्या रजेवर ताई आली ती वाळलेल्या सोयाबीनच्या दोन जुड्या काखेत मारून. लाल दोऱ्याची जुडी जुन्या वाणाची, शेतकरी वर्षानुवर्षं पेरतात त्या. पांढऱ्या दोऱ्याची तिच्या स्वतःच्या वाणाची. मराठवाड्यातल्या एका संशोधन केंद्रावर ती सोयाबीनची नवी वाणं तयार करते. काढणी लांबली की जुन्या वाणाच्या शेंगा उन्हात तडकतात, दाणे मातीत सांडतात. तिच्या वाणाच्या तडकत नाहीत, असं गेल्या हंगामात दिसलं होतं. रजा संपताच वाणाचा प्रस्ताव मंजुरीसाठी पुढे पाठवायचा, असं साहेबांनी सांगितलं होतं.

मुंबईत डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिने त्या जुड्या गॅलरीत आकाशकंदिलाशेजारी टांगल्या, कोणती तडकते ते बघायला.

मला कुठे दम होता! बाबा छापखान्यात कामाला होते. युनियनच्या पत्रकांचे उरलेले कागद घरी यायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. आता मीच एका शेतकरी संघटनेसाठी पत्रक लिहीत होते. ‘शेंगा न फुटणारं बियाणं तयार आहे. ते अडवून धरू नका. येत्या हंगामात आम्हाला द्या.’ रविवारी सभा होती. लाल जुडी फुटेल, पांढरी टिकेल, दोन्हींचा फोटो पत्रकावर टाकू, असा माझा बेत. सकाळी दात घासताना बघायचे, ऑफिसातून आल्यावर चप्पल न काढता बघायचे. एकही शेंग फुटेना.

“ताई, तुझी जुनीसुद्धा फुटत नाहीये गं!”

आई आतून म्हणाली, “हंयसर सुक्या बोंबलाक पण पाणी सुटता. शेंग काय फुटतली?”

मी हसले. ताई हसली नाही. करंजीचं सारण ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

“तेच मला खातंय,” ती म्हणाली. “गेल्या हंगामात आमच्याकडे काढणीच्या वेळी असंच होतं. रोज ढगाळ, रोज दमट. जुनं वाणही फार फुटलं नव्हतं. मग माझं टिकलं, की हवेने टिकवलं?”

“साहेबांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, आकडे चांगले आहेत, पाठव.”

“मग पाठव ना! एक वर्ष थांबलीस तर त्या एका वर्षाचे दाणे कोणाच्या मातीत सांडणार? तुझ्या?”

“आणि उन्हात फुटलं तर? बियाणं विकत घेतलेल्या माणसाला काय सांगू, हवा चुकली?”

मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, बस की जरा! लादी झिजेल.” बसवत नव्हतं. माझ्या पत्रकातलं पहिलंच वाक्य खरं आहे की नाही, हे आता ताईलाही माहीत नव्हतं. आणि शेतकऱ्याला पुन्हा ‘थांबा’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. त्यांना सगळे तेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी ताईने माझ्यासमोर साहेबांना फोन लावला. “सर, यंदा नाही पाठवत. कोरड्या भागात अजून एक हंगाम लावून बघते.” पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तिने फक्त “हो सर, कळतंय” म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “यंदा दुसऱ्या कोणाचं तरी वाण जाईल.” आणि करंज्या लाटायला बसली. कडा नीट जुळत नव्हत्या तिच्या.

मी पत्रक फाडलं. नवं लिहिलं, बाबांना दाखवलं.

“यात घोषणा कुठाय?” त्यांनी विचारलं.

“नाहीये.”

“सभेत पडेल हे.”

“पडू दे.”

संध्याकाळी पत्रक वाचून संघटनेच्या दादांचा फोन आला. “अहो, हे काय लिहिलंय तुम्ही? मागणी काय आपली? वाट बघू?”

“वाट नाही बघायची. चाचणी आपल्या शेतात घ्या, म्हणायचं. कोरडवाहू रानात, आपल्या डोळ्यांसमोर. काढणी मुद्दाम लांबवून. आणि निकाल गावात लावा.”

“आणि शेंगा फुटल्या तर?”

ताई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“तर तेही छापू,” मी म्हणाले.