तांदळातले देव आणि मुरारचे घर

ती घटना आठवली की आजही माझी पाठ ताठ होते. त्या प्रकरणात मला शाबासकी मिळाली नाही, बदली मिळाली. तरीही नोकरीतले कोणते काम पुन्हा करायला आवडेल असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन, आणि तस्सेच करेन.

मध्यभारत राज्य संपून नवे राज्य झाले होते आणि राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली होती. कचेऱ्यांची कपाटे मालगाडीत चढत होती आणि त्यांच्यामागोमाग कारकून, अधिकारी, त्यांची बिऱ्हाडे. ग्वाल्हेरात विकाऊ घरांचा सुकाळ झाला आणि पडाव भागातल्या दलालांची चंगळ. आमच्या मराठी मंडळींच्या तोंडी एकच वाक्य, 'आता इथे काय उरलंय?' ऐकून ऐकून माझे कान किटले होते. माझे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले. मला तर इथे सगळेच उरलेले दिसत होते.

मी तेव्हा ग्वाल्हेरलगतच्या मुरारच्या ठाण्याचा थानेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, मुन्शी ठाण्याचा रोजनामचा लिहीत बसला होता, तेवढ्यात नऊवारीतल्या एक बाई थेट माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचे यजमान संस्थानच्या फौजेत हवालदार होते, ते वारले होते. संस्थानची फौज पूर्वीच विलीन झाली होती आणि आता छावणीतली खोली रिकामी करण्याचा हुकूम आला. दीर म्हणत होते, साताऱ्याकडे चला. बाईंनी जन्मात सातारा पाहिला नव्हता. त्या ग्वाल्हेरातच छोटेसे जुने घर शोधत होत्या.

"एक घर पाहून आले, साहेब," त्या म्हणाल्या. "घर एकदम बढिया आहे. पण चोरीचं आहे."

मुन्शी फिसकन हसला. सायकल चोरीला जाते, म्हैस जाते, घर कुठे जाणार? मी त्याला डोळ्यांनीच दटावले आणि बाईंना बसायला सांगितले. तक्रार हास्यास्पद वाटली तर ती जास्त लक्ष देऊन ऐकावी, हा माझा नियम होता.

बाईंनी घर पाहिले होते ते आमच्या पंचनाम्याला लाजवेल असे. दलालाने संध्याकाळी बोलावले तर या मुद्दाम भर दुपारी गेल्या, कारण संध्याकाळच्या उजेडात भिंतीची ओल लपते. दगडी पटियांच्या, म्हणजे लांब फरश्यांच्या, छताला खालून काठीने ठोकून पाहिले. विहिरीचे पाणी काढून पिऊन पाहिले. मग गल्लीच्या तोंडाशी भाजीवालीजवळ बसून राहिल्या आणि कोण कोणाशी बोलते, कोण कोणाच्या दारातून जात नाही, हे पाहिले. घर पसंत होते. गल्लीही पसंत होती.

दलालाने सांगितले होते की तो मालकाचा सख्खा पुतण्या आहे. काका-काकू मुलाकडे भोपाळला कायमचे गेले, म्हणून घर काढायचे आहे. शेजारच्या पंडिताइनला हे ऐकून वाईट वाटले होते, पण नवल वाटले नव्हते. निम्मा मोहल्ला तसाच गेला होता. जाताना अम्मा, म्हणजे घराची मालकीण, तुळशीला पाणी घालायला सांगून गेली होती, ते पंडिताइन अजून घालत होती.

"मग शंका कशाची आली?" मी विचारले.

"देवघराचा पडदा सारला," बाई म्हणाल्या. "देव तांदळात ठेवलेत."

मला सगळे समजले. आमच्या घरांत चार दिवस गावाला जायचे आणि मागे पूजेला कोणी नाही, तर देव तांदळात ठेवून जातात. परत आले की त्यांना बाहेर काढून स्नान घालतात. घर कायमचे सोडणारा माणूस भांडीकुंडी टाकेल, पलंग टाकेल, पण कुलदैवताचे टाक टाकणार नाही. या घरातले लोक परत येणार होते, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचे घर विकले जात होते.

मी बाईंना विचारले की हा उपद्व्याप त्यांनी का केला, दुसरे घर पाहता आले असते.

"मी गप्प बसले तर दुसरा कोणी घेईल," त्या म्हणाल्या. "मला छत पाहिजे, साहेब. पण कोणाच्या डोक्यावरचं काढून नको."

या वाक्यानंतर मला वरिष्ठांच्या परवानगीची गरज वाटली नाही. मी दोन पंच घेतले, दलालाला त्या घरीच बोलावले आणि देवघरासमोर उभे केले. माणूस चलाख होता. मराठी मोहल्ल्यात वाढलेला, मराठी फडाफडा बोलणारा. कूळ, गाव, आडनाव, सगळे पाठ करून आला होता. असल्या माणसाला दरडावून उपयोग नसतो, तो दरडावणीची तयारी करून आलेला असतो. त्याला घरगुती गप्पांत घ्यावे लागते. मी काकांच्या संधिवाताची चौकशी केली, काकूंच्या हातच्या लोणच्याची स्तुती केली. तो खुलला. मग मी सहज विचारले की हे देव तांदळात का ठेवलेत.

तो म्हणाला, "काकूची आदत आहे, साहेब. देवाजवळ ठेवले की तांदळाला किडा लागत नाही."

पंचांपैकी एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी कपाळावर हात मारला. दलाल पाहतच राहिला. कुठे चुकले हे त्याला कळले नाही, पण चुकले एवढे कळले, आणि त्याचा चेहरा उतरला. ठाण्यात नेल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही. तो पुतण्या नव्हता, नात्यातलाही नव्हता. मग किल्ली कुठून आली? किल्ली मालकाच्या मुलाने दिली होती. नव्या राजधानीत चांगल्या हुद्द्यावर असलेल्या, एकुलत्या एका मुलाने. बापाची सही काहीतरी निमित्त काढून तोच मिळवून देणार होता. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आई-बापांना त्याने बोलावून घेतले होते, आणि परत पाठवायचेच नाही असे ठरवले होते.

दुसऱ्याच दिवशी वरून फोन आला. घरगुती मामला आहे, मुलगा मोठ्या जागेवर आहे, दलालाला समज देऊन सोडा. मी म्हणालो, तोतया बनून दुसऱ्याचे घर विकणे घरगुती नसते. पलीकडून विचारण्यात आले की मला नोकरी करायची आहे ना. मी म्हणालो, तीच करतो आहे. फोन ठेवला. भीती वाटली होती, हेही सांगतो. पण राग जास्त होता.

आता घराच्या म्हाताऱ्या मालकाचा जबाब हवा होता. मुलाच्या घरी शिपाई पाठवला असता तर मुलानेच दारातून परतवून लावला असता. म्हणून माझ्या विश्वासातला हवालदार साध्या कपड्यांत भोपाळला गेला आणि म्हातारे गृहस्थ देवळातून येताना वाटेत त्यांना भेटला. ते घरी परतून कोणाला काही बोलले नाहीत. पत्नीला घेऊन सरळ स्टेशन गाठले. मागोमागच्या गाडीने मुलगाही धावत आला.

ठाण्यात तिघेही माझ्यासमोर बसले. दरबारात कारकुनी केलेले ते ताठ गृहस्थ, त्यांच्या शेजारी पदर घट्ट धरलेली पत्नी, आणि घामाघूम मुलगा. मुलगा दुष्ट नव्हता. त्याला खरेच वाटत होते की तो भले करतो आहे. तो बापाला म्हणाला की दरबार गेला, राज्य गेले, ओळखीची माणसे गेली, उद्या रात्री-अपरात्री काही झाले तर बघणार कोण? घर असेपर्यंत तुम्ही ऐकणार नव्हता.

म्हातारा त्याच्याकडे बघून हळू म्हणाला, "राजधानी गेली, ती मला विचारून नाही गेली. आता घर तरी विचारून जाऊ दे."

मी नियमाप्रमाणे विचारले, तक्रार लिहायची का. मुलाचे नाव त्यात येईल हेही सांगितले. त्यांनी पत्नीकडे पाहिले. मला वाटले, आई आहे, पदर पसरेल. ती रडत होतीच. पण म्हणाली, "लिहा. सगळं लिहा. मग त्याला जेवायला घरीच आणते."

मी लिहिले. दलालाला शिक्षा झाली. मुलावरचे प्रकरण वर गेल्यावर कुठेतरी अडकले, आणि माझी बदली चंबळच्या खोऱ्यातल्या एका ठाण्यावर झाली. जाण्याआधी त्या घरावरून गेलो. देव तांदळातून निघून आसनावर बसले होते. म्हाताऱ्यांनी रस्त्याकडच्या दोन खोल्या बाईंना राहायला दिल्या होत्या आणि त्या बाई अंगणात उभ्या राहून छतावर चढलेल्या गवंड्याला पटिया कशी बसवायची हे सुनावत होत्या.

लोक मला विचारतात, जुने घर घेताना काय पाहावे. मी सांगतो, ओल पाहा, पाणी पाहा, शेजार पाहा, आणि सोडून जाणारा स्वतःच्या पायाने जातो आहे का ते पाहा. सरकार नकाशे बदलते, राजधान्या हलवते, माझ्यासारख्यांना कुठेही फेकते. तो त्याचा अधिकार. पण माणसाला त्याच्या घरातून त्याला न विचारता उठवण्याचा अधिकार पोटच्या पोरालाही नाही. हे मी तेव्हा वरिष्ठांना लेखी कळवले होते. आजही शब्द मागे घेतलेला नाही.