एवेलियाची फळी आणि मेस्कालाचं बेट

मेस्काला गावात जाऊन एवेलिया बाल्तासार कोण म्हणून विचारा. दहातले नऊ जण सांगतील, "ती होय! पाण्यावर उभी राहून जाते ती." दहावा म्हणेल, "तिनेच त्या नाबोरला पाण्यात पाडलं." आता नाबोर स्वतःच्या पायाने पडला, तिने बोटही लावलं नव्हतं. पण पाडलं असं म्हणायला गावाला बरं वाटतं, तर म्हणू दे.

बाल्तासारांच्या घरातलं हे शेंडेफळ. उंचीला बेताची, पण खांदे असे की चायोतची, म्हणजे आमच्या वेलावरच्या भाजीची, दोन पोती मांडवाखालून उचलून रस्त्यापर्यंत एका दमात आणेल. शाळा सहावीपर्यंत. आमच्यात सहावी म्हणजे खूप झाली, बाकीच्यांनी चौथीतच दप्तर खुंटीला लावलं. मग समुद्राकाठी एका मोठ्या गावी तिला दुकानात काम लागलं. काम काय, तर शहरातून आलेल्या लोकांना लांबलचक फळीवर उभं करायचं, हातात उंच दांड्याचं वल्हं द्यायचं आणि पाण्यावरून फिरवून आणायचं. सहा वर्षांत तिने डॉक्टर उभे केले, न्यायाधीश उभे केले, एक पाद्री उभा केला त्याचं वजन तर विचारूच नका. एकही माणूस रडत परत गेला नाही. असं दुसरं कुणी दाखवा या तळ्याच्या काठाला. नाही सापडणार.

सहा वर्षांनी एक दिवस ट्रकच्या टपावर पाच जुन्या फळ्या बांधून ती घरी आली.

"का गं आलीस?" आईने विचारलं.

"तिथलं पाणी खारट आहे," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

तिच्या डोक्यात काय होतं ते महिन्याभरात कळलं. गावासमोर चापाला तळ्यात आमचं बेट आहे. लाँचने दहा मिनिटं. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी तिथे दगड आणि होड्या एवढ्याच जोरावर राजाच्या फौजेला चार वर्षं थोपवून धरलं. त्या भिंती अजून उभ्या आहेत. बेट कुणा शेठचं नाही, सरकारी साहेबाचं नाही, गावाचं आहे. त्यामुळे बेटावर पाहुणे कुणी न्यायचे हे गावसभा ठरवते. एवेलिया सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यांनी आयुष्यात कधी वल्हं धरलं नाही, अशा माणसांना मी फळीवरून बेटावर नेईन. सकाळच्या शांत पाण्यात, हळूहळू. मला परवानगी द्या."

नाबोर लगेच उठला. नाबोरची लाँच आहे, तोच पाहुणे नेतो.

"माझ्या लाँचला छत आहे," तो म्हणाला. "हिच्या फळीला काय आहे?"

"तुझ्या लाँचला धूरपण आहे नाबोरदादा, तेही सांग की," एवेलिया म्हणाली.

सभा हसली. नाबोरच्या मिशा थरथरल्या. सभेतले सगळ्यात वयस्क सिप्रियानोकाका, शहात्तर वर्षांचे, साठ वर्षं जाळं टाकलेला माणूस. त्यांनी काठी आपटली.

"पाहुणे नंतर. आधी आम्हाला ने," काका म्हणाले. "मी, हा नाबोर, आणि..." त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"मी येते," हर्कुलानाबाई म्हणाली. ही देवळासमोर तळलेले चराल मासे विकते. आवाज असा, की लिंबू पिळते ते पलीकडच्या गल्लीत कळतं.

"तिघं झालो. तिघांतलं कुणी फळीवर कधी चढलेलं नाही. तिघंही फळीवरून बेटाला लागलो, तर परवानगी. एक जरी वाटेत लाँचवर चढला, तर फळ्या चायोतच्या मांडवाखाली टाकायच्या आणि हा विषय पुन्हा सभेत काढायचा नाही."

एवेलिया "बरं" म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिने ताटातली मक्याची तोर्तिया तशीच ठेवली. परवानगी नाही मिळाली तर काय करायचं ते तिला माहीत होतं. परत ते समुद्राकाठचं दुकान, परत दुसऱ्याच्या फळ्या पुसायच्या. आणि आपलं बेट पाहुण्यासारखं सणावारी कधीतरी बघायचं.

रविवारी सकाळी साडेसहाला अख्खं गाव काठावर जमलं होतं. नाबोरचा मेहुणा लाँच घेऊन तयारच होता, तीत आठदहा जण बघायला चढून बसलेले.

एवेलियाने तिघांना काठच्या उथळ पाण्यात शिकवलं. आधी गुडघ्यावर बसायचं. दोन्ही हात वल्ह्यावर. मग एक पाऊल, मग दुसरं, फळीच्या बरोब्बर मधे. "आणि नजर समोर बेटावर," ती म्हणाली. "खाली बघितलंत की पडलात. वल्ह्यावरचा हात काढलात तरी पडलात."

नाबोरने ऐकल्यासारखं केलं. "पंचवीस वर्षं बोटीत उभा आहे मी," म्हणाला आणि थेट उभा राहिला. राहिलाही. मग पाण्यात काहीतरी चमकलं. बोटवाल्याची सवय, मासा दिसला की कडेला जाऊन वाकायचं. तो कडेला गेला, वाकला. फळी एकीकडे, नाबोर दुसरीकडे.

"सापडला का रे मासा?" हर्कुलानाबाईने विचारलं.

कमरेएवढ्या पाण्यात नाबोर उभा राहिला आणि नाकातलं पाणी शिंकरत म्हणाला, "मोठा होता."

खरी अडचण दुसरीच निघाली. एवेलियाने जाकिटं वाटली, माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारी, नारिंगी. हर्कुलानाबाईने घातलं. नाबोरने घातलं. काकांनी हातही लावला नाही.

"हे लहान पोरांना घाल," ते म्हणाले. "मी या तळ्यावर जन्म काढलाय."

"जाकीट नाही तर फळी नाही, काका. न्यायाधीशालाही हेच सांगितलं होतं."

"मग नाही येत मी!"

काठावर चुळबूळ सुरू झाली. काका आले नाहीत तर परीक्षाच मोडली, आणि मोडली म्हणजे नाबोर जिंकला. एवेलियाने काकांकडे नीट बघितलं. काका गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांचा एक हात होड्या बांधायच्या खुंटाला घट्ट धरून होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. या माणसाला पोहता येत नाही.

आता बाहेरच्याला हसू येईल, पण आमच्या जुन्या कोळ्यांत निम्म्यांना येत नाही. ते शिकतच नाहीत. पोहायला शिकायचं म्हणजे होडीतून पडणार हे आधीच कबूल करायचं, आणि मेस्कालाचा माणूस होडीतून पडतो असं कोण कबूल करणार? काकांचे वडील तसेच, त्यांचेही वडील तसेच.

एवेलियाने काकांना होड्यांच्या छपरामागे नेलं.

"काका, शर्टाच्या आतून घाला. आतलं कोण बघतंय?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांनी शर्टाची बटणं काढली.

बाहेर आले ते चांगले फुगलेले. "अगं बाई," हर्कुलानाबाई ओरडली, "छपरामागे जाऊन काका बाळसं धरून आले!" काठावर हशा पिकला. काकांनी मान ताठ ठेवली आणि फळीवर गुडघे टेकले.

मग निघाले. पुढे एवेलिया, मागे तिघं, आणि बाजूने नाबोरची लाँच फटफट करत. पाणी काचेसारखं होतं. पहिली पंधरा मिनिटं सगळे गुडघ्यावरच होते. मग एवेलियाने वळून म्हटलं, "काका, आता उठा." काका उठले. शहात्तर वर्षांचा माणूस दोन पायांवर, पाण्याच्या मधोमध! लाँचवरची माणसं बघायला एका कडेला लोटली. मागोमाग नाबोरही उठला. हर्कुलानाबाई मात्र गुडघ्यावरून हलायला तयार नव्हती.

"मला देवाने बसूनच मासे विकायला सांगितलंय," ती म्हणाली. "बसूनच जाईन."

"बसूनही चालतं, मावशी. बेटाला लागलीस की झालं."

काका वल्हं मारत होते आणि चेहरा असा की आरशात स्वतःला पहिल्यांदाच बघतायत. "पोरी," ते म्हणाले, "होडीतून तळं इतकं मोठं दिसत नाही गं."

एवेलियाला इतकं बरं वाटलं, की पुढची गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. समुद्राकाठी सहा वर्षं त्या गोष्टीचा विचार करायची कधी गरजच पडली नव्हती.

बेटाची पहिली भिंत दिसते तिथे आमचे कोळी टोपी काढतात. त्या भिंतीपाशी मेलेल्यांसाठी. कुणाला सांगावं लागत नाही, हात आपोआप वर जातो आणि मान खाली जाते. होडीत काही होत नाही. फळीवर?

काकांचा हात वल्ह्यावरून सुटला, टोपी निघाली, मान खाली गेली. नाबोरचंही तसंच. एकाच वेळी दोन धप्प! हर्कुलानाबाईनेही डोक्यावरचा रुमाल काढला, पण ती बसलेली, म्हणून तरली.

नाबोरला जवळच फळी सापडली, तो तिला लोंबकळला. काका वर आले, खोकले, हात मारू लागले. मेहुण्याने लाँच वळवली. "थांबा काका, आलो, आलो!"

लाँचवर चढले की संपलं. एवेलियाला ते पुरतं माहीत होतं. पण तिने आधी माणूस बघितला, परवानगी मागाहून. फळी काकांपाशी आणली, पोटावर झोपली आणि त्यांचा हात धरला.

"काका, हात मारू नका. तुम्ही तरंगताय. बघा. काहीच करू नका." मग हलक्या आवाजात, "लाँचवर जायचं असेल तर जा. खरंच. मी काही म्हणणार नाही."

काकांनी हात मारायचं थांबवलं. आणि खरंच, ते तरंगत होते. शर्ट फुग्यासारखा फुगलेला, गळ्यातून नारिंगी जाकीट वर आलेलं, अख्ख्या लाँचला दिसेल असं. काकांनी एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा जवळ येणाऱ्या मेहुण्याकडे.

"ए!" ते गरजले. "मला हात लावशील तर याद राख! मागे घे ती भट्टी!"

मेहुण्याने लाँच मागे घेतली.

"आता माझी फळी मधे धरा," एवेलिया म्हणाली. "पाय मागे झोडा, बेडकासारखे. मी पलीकडून वजन टाकते. एक, दोन..." तिसऱ्याला तिने जाकिटाचा खांदा पकडून ओढलं आणि काका पोटावर फळीवर येऊन पडले, नुकत्याच पकडलेल्या माशासारखे. तोपर्यंत नाबोरही दोनदा घसरून तिसऱ्यांदा चढला होता. हर्कुलानाबाईने वल्ह्याने काकांची टोपी काढून दिली.

"पुन्हा टोपी काढायची तर आधी गुडघे टेकवा," ती म्हणाली. "देवळात टेकवता ना?"

एवेलियाने तिच्याकडे बघितलं. हे तिला समुद्राकाठी कुणी शिकवलं नव्हतं. तिने तिथेच सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं, चौघांनी टोप्या-रुमाल काढले, घटकाभर थांबले, आणि मग पुढे गेले.

सव्वाआठला तिघंही फळीवरून बेटाला लागले.

"पण पडलो की आम्ही," नाबोर कुरकुरला.

"अट लाँचची होती, कोरडेपणाची नव्हती," हर्कुलानाबाई म्हणाली आणि डब्यातले चराल काढले. वर लिंबू, वर तिखट. काकांनी सगळ्यांदेखत शर्ट काढला, जाकीट काढलं, भिंतीवर वाळत टाकलं. हर्कुलानाबाईने पहिला चराल त्यांच्यापुढे धरला.

दहाच्या सुमाराला पूर्वेकडून वारा उठला. पाण्यावर सुरकुत्या पडल्या, मग लाटा. काका मात्र तयार होऊन बसले.

"चला, परत जाऊ फळीवरून. आता जमलंय मला."

"नाही काका," एवेलिया म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"वारा आलाय. मी पाहुण्यांना या वाऱ्यात सोडणार नाही, तुम्हालाही नाही. परत लाँचने जायचं."

नाबोरने कान टवकारले. "म्हणजे लाँच लागतेच ना!"

"लागते. मी कधी नको म्हटलं? येताना फळी, जाताना तुझी लाँच. तू छत घेऊन दहाला इथे उभा राहा."

नाबोरने मिशा पुसल्या, विचार केला. "साडेनऊलाच येत जाईन. वारा कधी लवकर उठतो."

काकांनी तोंड फुगवलं. मग म्हणाले, "या गावात मला नाही म्हणणारं गेल्या तीस वर्षांत कुणी नव्हतं. माझी बायको सोडून." त्यांनी शेवटचा चराल तोंडात टाकला. "दिली परवानगी. आज रात्री सभेत सांगतो. विचारायची गरज नाही, सांगतो."

लाँचच्या छतावर चारही फळ्या बांधून सगळे परत आले. एवेलिया पुढच्या टोकाला बसली होती, ओल्या केसांनी, पाय पाण्यात सोडून. सहा वर्षांत इतका वेळ ती काही न करता कुठे बसली नव्हती.

पाहुण्यांची पहिली टोळी पुढल्या शनिवारी ठरली. पण त्याआधीच, मंगळवारी पहाटे ती काठावर आली तर पाण्यात सिप्रियानोकाका उभे होते, कमरेपर्यंत, नारिंगी जाकीट शर्टावरून घातलेलं. त्यांच्यामागे आणखी तीन म्हातारे कोळी, सगळे साठीच्या पुढचे, सगळे दुसरीकडेच बघत असल्यासारखे.

"ते रविवारचं," काका म्हणाले. "काहीच करायचं नाही आणि तरंगायचं. ते यांनाही दाखव."

एवेलियाने चपला काढल्या आणि पाण्यात उतरली.