कोरड्या विटांचा वाफा

नवं राज्य झालं तसे इथे, नव्या राजधानीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बाबू भोपाळहून राहायला आले. दर पावसाळा संपला की दोरीने मापून, विटा रचून अंगणात गुडघ्याएवढा वाफा करायचे. सिमेंट मात्र कधी लावलं नाही.

"काहून लावू? बदली झाली तर?"

भाजीही मेथी, पालक, लाल भाजी, महिन्याभरात ताटात येणारी. वांग्याला वेळ लागतो म्हणून वांगं नाही.

बदली आलीच नाही. रिटायर होऊन ते शहराच्या टोकाला, भनपुरीला, स्वतःच्या घरात गेले. मी मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, रोप घेऊन भेटायला गेलो, तर उकिडवे बसून विटा रचत होते, तशाच कोरड्या.

"आता तं घर तुमचंच आहे, बाबूजी."

"हव," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. रोपाकडे बघत राहिले. "याले शेंगा कधी लागतीन?"

"दोनेक वर्षांनी."

त्यांनी रोप माझ्या हातात परत दिलं. "तुमच्याच इथं लावा. मी शेंगा न्याले येईन."

रोप अजून माझ्या ओसरीत, काळ्या पिशवीतच आहे. इथे मला वीस वर्षं झाली. पण क्वार्टर सरकारी. बदली झाली तर?