धाकट्याच्या पत्त्या

आठवडाभर कोरडा वारा सुटला होता. ओठ तडकत होते, दाराच्या कड्या सैल झाल्या होत्या. असल्या हवेत क्लॅरिनेटच्या पत्त्यांची टोकं वाळक्या पानासारखी वाकडी होतात, म्हणून ताई तोंडावर पाणी मारून तडक कामाच्या खोलीत आली. पत्ती म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बांधलेली बोटाएवढी बोरूची चिपाटी. तीच थरथरते, तीच बोलते. बाकीचं वाद्य म्हणजे पोकळ काठी, असं ताई म्हणायची. तीस वर्षं ती पत्त्या तासत आली होती.

पण सकाळचं पहिलं काम गिऱ्हाइकाचं नसायचं. ते धाकट्याचं.

धाकटा भाऊ वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. दहा महिन्यांपूर्वी तालमीत छातीत कळ आली, तो उठलाच नाही. मागे राहिलं त्याचं वाद्य आणि बारा खाचांची लाकडी पेटी. प्रत्येक पत्तीच्या सालीवर त्याच्या बारीक अक्षरात आकडा आणि तारीख. “नव्या पत्तीला आणि नव्या जावयाला पहिल्याच दिवशी राबवू नये, ताई,” असं म्हणत एकेक पत्ती तो आठ-आठ दिवस मुरवायचा. वाटीभर पाण्यात भिजवायची, पाच मिनिटं हलक्या फुंकरीने वाजवायची, पाठ काचेवर टेकवून सुकवायची, खाचेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सात मिनिटं.

ठेवून दिलेली पत्ती मरते. ताईला ते बघवेना. म्हणून रोज एक, आकड्याप्रमाणे, ती स्वतःच वाजवू लागली. वाजवण्यात ती काही धाकटा नव्हती. चार सूर, बस्स. पण पहिला सूर लागायच्या आधी पाठीमागून एक छोटासा श्वास ऐकू यायचा. वळून बघायची नाही ती. वळलं की जातो, एवढं तिला कळलं होतं.

हे तिने वहिनीला, धाकट्याच्या बायकोला, सांगितलं, आणि आज वहिनी दारात उभी होती. उद्या ती लेकीकडे राहायला जाणार होती, कायमची.

“बस ना,” ताई म्हणाली.

“बसायला नाही आले, वन्सं. तुम्ही म्हणालात, तो येतो. मला एकदा ऐकवा. मग जाते.”

ताईने सातवी पत्ती भिजवली. वाद्याला बांधली. वहिनीने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. खोलीत वारा तेवढा फटीतून शीळ घालत होता. ताईला श्वास ऐकू आला, अगदी मानेजवळ. तिने फुंकर घातली. सूर भरला, दोन क्षण थरथरला आणि विरला.

ताई वहिनीकडे वळली.

“आला ना गं?”

“नाही, वन्सं.” वहिनीने डोळे उघडले. “सत्तावीस वर्षं त्या माणसाच्या रियाजात भात शिजवलाय मी. हा सूर त्याचा नाही. हा तुमचा आहे. आणि तो श्वासही तुमचाच.”

“काहीतरीच! पत्ती त्याची आहे.”

“होती. गिऱ्हाइकांना तुम्हीच ओरडता ना, एकमेकांची पत्ती तोंडात घालू नका, ती ज्याच्या ओठांना लागते त्याची होते म्हणून? दहा महिने तुमचे ओठ लागले. त्याचं होतं-नव्हतं ते पुसून निघालं.”

ताई स्टुलावर बसली. मुरवता मुरवता तिने आपल्या हातांनी भावाला पुसून काढलं होतं, आणि हाडाची कारागीर असून तिला ते दिसलं नव्हतं.

“रडू नका,” वहिनी म्हणाली. “जिवंत ठेवायला गेलात. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त बेसूर.” दोघी रडत रडत हसल्या.

मग वहिनीचं बोट बाराव्या खाचेवर थांबलं. “आणि ही?”

ती शेवटच्या दिवशी वाद्यावर बांधलेली होती. तो पडताना टोक उडालेलं. टवका गेलेली पत्ती बाद, वाजतच नाही. म्हणून ताईने ती कधी भिजवली नव्हती. पण एखाद्या सकाळी पेटी उघडली की तिच्या कडेला बोट लावल्यावर ओल लागायची, आत्ताच कुणी ओठांतून काढल्यासारखी. ताई घाईघाईने झाकण लावायची.

“ती वाजायची नाही गं.”

“मला कुठे वाजवता येतं?” वहिनीने तळहात पुढे केला.

ताईची मूठ पेटीवर घट्ट झाली. ही दिली की आपल्याकडे त्याचं काहीच उरत नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. वहिनीने घाई केली नाही. हात मात्र मागेही घेतला नाही.

शेवटी ताईने ती पत्ती चिमटीत धरून उचलली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि त्या हातावर ठेवली. “भिजवू नकोस,” म्हणाली. “ओठांना लावू नकोस. कोरडीच राहू दे.”

“नाही लावणार.”

वहिनी गेली. ताई थोडा वेळ कान देऊन बसली. फटीतला वारा, दुसरं काही नाही. मग तिने बोरूच्या कांड्यांची जुडी सोडली, शाळेच्या बँडसाठीची पहिली कांडी उन्हाकडे धरून गाठ कुठे आहे ते पाहिलं, आणि सुरीने उभी चिरायला घेतली.