अकरा नावांची यादी

९ फेब्रुवारी, सोमवार. मोड आलेले वाल सोलत बसले होते. समोर लॅपटॉपवर अकरा नावांची यादी उघडी होती. ती त्या दिवशी सरकारी पोर्टलवर चढवायची होती. सरकार आपलं नव्हे, दुसऱ्या देशाचं.

माझं काम असं आहे. ज्या देशात युद्ध चालू आहे तिथे कारखाना काढायला निघालेल्या परदेशी संरक्षण कंपन्यांची कागदोपत्री घडी मी बसवून देते. नोंदणी, परवाने, विमा, जागेचा करार, कामगार. लोकांना वाटतं, यासाठी निदान दिल्लीत तरी राहावं लागत असेल. मी जेसल पार्कातल्या घरातून करते. त्याआधी बारा वर्षं इथे जवळच, हाटकेशच्या औद्योगिक भागात, साचे म्हणजे डाय बनवणाऱ्या एका युनिटचं ऑफिस सांभाळलं. एक युनिट चालवता आलं की दुसरं चालवता येतं. तिकडे फक्त अधूनमधून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो, सगळे तळघरात जातात आणि माझा कॉल अर्धवट राहतो.

ही कंपनी चिलखती गाड्या दुरुस्त करते. तिथल्या वर्कशॉपमध्ये बावीस पुरुष कामगार. नियमाप्रमाणे त्यातल्या निम्म्यांना सैन्यभरतीतून सूट मिळते, उरलेल्यांना कधीही बोलावणं येऊ शकतं. सूट कोणाला, ते कंपनीने ठरवायचं. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी मी केलेला पदांचा तक्ता घेतला, वरून अकरा नावं मोजली आणि सही करून मोकळे झाले.

बाराच्या सुमाराला वर्कशॉपच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलतो. भांडतोही त्यातच.

"यादीत इलेक्ट्रिशियन नाहीये."

"तक्त्यात तो खाली आहे."

"खाली कोणी टाकला? तुम्हीच ना. हेल्पर लिहिलंय त्याला. तुमच्याकडे जनरेटर हेल्पर सांभाळतो का?"

खरं तर आमच्याकडे तोच सांभाळतो. हाटकेशला जो मशीनवर नाही तो हेल्पर, मग त्याला सगळं का येत असेना. आणि जो पाहुण्यांना गाडीतून फिरवतो त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर सीनिअर मॅनेजर. त्याच सवयीने मी हा तक्ता केला होता. तिथे पाहुण्यांची सरबराई करणारा, दुभाष्याचं काम करणारा गृहस्थ तक्त्यात तिसरा, म्हणून यादीतही तिसरा.

"इलेक्ट्रिशियन गेला तर?" मी विचारलं.

"दिवसाला चार तास वीज असते. तेवढा वेळ काम चालेल. उरलेला वेळ मी तुमचा तक्ता वाचत बसेन."

"आणि तिसऱ्या नंबरचे काय करतात सध्या?"

"विमानतळ बंद आहे. पाहुणे येत नाहीत. पण माणूस चांगला आहे."

"ते मी विचारलं नाही."

"माहितीये. तरी सांगते."

साहेबांना फोन लावला. चूक माझी, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, त्याने वेळ वाचतो.

"सीनिअर मॅनेजर काढून हेल्पर घालायचा?" ते म्हणाले.

"ही पदं मीच दिलीत. वीज नसेल तर एकही गाडी बाहेर पडणार नाही. नवी यादी सही करून पाठवा."

त्यांनी पाठवली. तीन वाजता यादी पोर्टलवर चढवली, पोचपावती आली आणि मी वाल फोडणीला टाकले.

सहाला त्या दुभाष्या गृहस्थांचाच फोन आला. "मॅडम, सकाळी वर्कशॉपमध्ये आलेल्या यादीत माझं नाव होतं ना?"

"होतं. मी काढायला लावलं." कारण सांगितलं, जसं होतं तसं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग सीनिअर मॅनेजर कशाला केलंत? आई सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आली."

"चुकलं माझं."

"बोलावणं कधी येईल?"

"माहीत नाही. उद्याही येईल, वर्षाने येईल, नाहीही येणार." खोटा धीर द्यायची मला सवय नाही. त्यांनी आभार मानून फोन ठेवला, ते मात्र मला नको होतं.

रात्री जेवताना नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता तिकडची भरतीपण तूच करतेस?"

"आज एकाची केली," मी म्हटलं. त्याने वालाचं बिरडं वाढून घेतलं.

निर्णय बरोबर होता, आजही तसंच वाटतं. पण तो तक्ता मी नीट केला असता तर त्या माणसाने आपलं नाव आधी यादीत पाहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या सुपरवायझर बाईंना फोनवर गाठलं. "त्या दुभाष्यांना आजपासून इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली द्या," म्हटलं. "जनरेटर एकट्यालाच येतो, हे आपल्याला चालणार नाही. शिकले तर पुढच्या यादीच्या वेळी मला त्यांच्यासाठी भांडता येईल." त्या बरं म्हणाल्या. मग मी तक्ता उघडला, पदांचा रकाना पुसून टाकला आणि बावीस जणांबद्दल एकेक करून बाईंना विचारत गेले: हा आला नाही, तर काय बंद पडतं?