आयनारचं तिकीट

उत्तर मिनेसोटातल्या त्या खाणगावात लोर्ना पेल्कोनेन अकरा वर्षं बारच्या कोपऱ्यातल्या टपरीत बसून नशिबाची तिकिटं विकत होती. तिकिटामागची पट्टी सोलायची, आत तीन चित्रं जुळली की बक्षीस. उरलेला पैसा गावच्या अग्निशमन दलाला. टपरीत काम करणाऱ्याने तिथे खेळायचं नाही, गिऱ्हाइकाचं तिकीटही सोलायचं नाही, असा नियम होता. नवऱ्यालासुद्धा तिने बजावलं होतं, "बिअर पी, पण माझ्या तिकिटांना हात लावू नकोस."

म्हातारा आयनार रोज दुपारी तीनला यायचा. बायको गेल्यापासून त्याचं कुणाशी बोलणं व्हायचं ते इथेच, लोर्नाशी. जानेवारीत त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मग तो दातांनी पट्ट्या सोलू लागला. शेजारच्या टेबलावरचा रस्टी हसायचा, "आयनार, तिकिटं पोटभर खा हं!"

एके दिवशी तिकीट ओलं होऊन फाटायला आलं. आयनारने ते तिच्यापुढे सरकवलं. लोर्नाने इकडेतिकडे न बघता पट्टी सोलली. पाचशे डॉलर लागले होते.

रस्टी दुपारभर त्याच पेटीतली तिकिटं घेऊन हरत होता. तो ओरडला, "हिला आधीच ठाऊक होतं! दोघांचं साटंलोटं आहे!"

दुसऱ्या दिवशी दलातर्फे टपरी बघणारा ड्वेन तिला म्हणाला, "तू सोललंस?"

"सोललं."

"नाही म्हणाली असतीस तर मी सांभाळून घेतलं असतं गं."

"सगळ्यांनी पाहिलंय, ड्वेन."

"मग माझा नाइलाज आहे. तिकिटांचा परवाना गेला तर नवा बंब कुठून आणू?"

तिची नोकरी गेली. आयनार बर्फातून पाय ओढत दलाच्या कचेरीत गेला, "हात माझा गेला, शिक्षा हिला का?" असं विचारून आला. मग तो बक्षिसाच्या पैशांचं पाकीट घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "हे तुझे."

"आयनार, हे घेतले तर रस्टीचं म्हणणं खरं ठरेल."

"ठरू दे की! मला झोप लागत नाही."

"नको म्हटलं ना!"

तिचा आवाज नको तेवढा चढला. म्हातारा पाकीट खिशात घालून वळला. एक-दोन दिवसांत जाऊन समजूत काढू, असं ती मनाशी म्हणत राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात नवं काम लागलं होतं, पहाटे उठावं लागायचं, जाणं राहून गेलं.

एप्रिलमध्ये आयनार झोपेतच गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायका कॉफी देत होत्या, त्यांत लोर्ना होती. रांगेत रस्टी आला. मान खाली घालून म्हणाला, "लोर्ना, मी तेव्हा चिडलो होतो गं."

तिने त्याचा कप भरला. "साखर पलीकडे आहे," म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.