एकही गुठळी नको

रंगाच्या डब्यातली गुठळी ही गाळणीकाकांची जन्माची वैरीण. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली, पण जुन्या मलमलीतून दोनदा गाळल्याशिवाय कधी ब्रश भिंतीला लावला नाही. ठेकेदार वैतागून म्हणायचा, "काका, घर रंगवायचंय, औषध नाही बनवायचं." काम संपलं की काका ठेकेदाराचाच हात धरून भिंतीवरून फिरवायचे. हात कुठे अडायचा नाही. नाव पडलं ते त्यावरूनच. खरं सांगायचं तर काकांना ते मिरवायला आवडायचं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकू घरबसल्या शर्टांना काजं करायच्या. वजन एकशे अठरा किलो आणि गुडघ्यांनी केव्हाच मान टाकलेली. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नव्हत्या. खिडकीतून समोरच्या फुटपाथवरचा बाक दिसायचा. त्यावर तासभर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं जवळून बघायची, एवढीच बाईची हौस. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले. पथ्यांनी ते उतरेना, म्हणून पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं.

ते पार पडलं. घरी सोडताना आहार सांगणाऱ्या मॅडमनी काकांना समोर बसवलं.

"पंधरा दिवस फक्त पातळ. ही प्रोटीनची पावडर, दिवसाला तीन मापं पोटात गेलीच पाहिजेत. नाहीतर अंगात ताकद राहणार नाही आणि आतले टाकेही नीट भरणार नाहीत. घोट-घोट, दिवसभर. आणि काका, एकही गुठळी जाता कामा नये."

"त्याची काळजी सोडा," काका म्हणाले.

पावडर कालवायची कशी, हे मॅडम सांगणार तेवढ्यात त्यांना दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं. काकांनाही विचारायची गरज वाटली नाही. कालवण्यात ज्याची हयात गेली, त्याला कोण शिकवणार?

रंगात घालायचा चिकट सरस म्हणा, भिंतीचा डिस्टेंपर म्हणा, पावडर विरघळते ती कढत पाण्यात, हे काकांना पाठ होतं. त्यांनी पाणी खळखळून उकळलं आणि तीन मापं मोजून त्यात टाकली. बघता बघता पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या झाल्या. काकांना तर उलट हुरूपच आला. कोरी मलमल आणली होती, तिच्यातून दोनदा गाळलं. खाली उतरलं ते पाण्यासारखं नितळ, काचेचा पेला धरला तर पलीकडची खिडकी दिसावी असं. फडक्यात राहिलेला चोथा त्यांनी दाराबाहेर, जिन्यावरच्या मांजरीला घातला. बिचारीच्या बरगड्या मोजता यायच्या.

रोज हाच क्रम. एक घोट पाजला की दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. पेला रिकामा झाला की काका कॅलेंडरवर बरोबरची खूण करत. ज्या माणसानं संसारात कधी चहासुद्धा करून दिला नव्हता, तो बायकोच्या उशाशी चमचा घेऊन बसलेला बघून काकूंना हसू यायचं.

"माझ्यापेक्षा ती मांजर बाळसं धरतेय," त्या एकदा म्हणाल्या.

"धरू दे. तुला बाळसं उतरवायचंय."

आठव्या दिवशी काकूंच्या पावलांना सूज आली. दहाव्या दिवशी उठून बसताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. काका घाबरले आणि त्यांनी गाळणं तीनदा केलं. बाराव्या दिवशी ताप भरला, पोटात दुखायला लागलं. चौघांनी खुर्चीत बसवून काकूंना जिन्यावरून खाली नेलं. समोर तो बाक होता, पण त्यांचे डोळे मिटलेले होते.

आतले टाके सुटले होते. हॉस्पिटलात पाच दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काका औषधं घेऊन वर आले, तेव्हा मॅडम काकूंजवळून उठत होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. घरी काय घेत होते, ते विचारत होत्या." काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "मांजर येते का हो?"

"येते की."

"तिला उपाशी ठेवू नका. आणि तुमच्या हातचं मी थेंबभरही सांडलं नाही, बरं का. अगदी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले."

पाचव्या दिवशी काकू गेल्या.

महिन्याभरानं न फोडलेला दुसरा डबा घेऊन काका हॉस्पिटलात गेले. कुणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढाच विचार. मॅडमसमोर एक मुलगी आपल्या आईला घेऊन बसली होती. काकांना राहवलं नाही.

"पोरी, कढत पाण्यात कालव आणि मलमलीतून दोनदा गाळ. एक गुठळी राहिली तर मला सांग."

मॅडमनी मान खाली घातली. मुलीनं मात्र गार पाण्याच्या बाटलीत पावडर टाकून हलवून दाखवली. "आम्हाला असं शिकवलंय," ती म्हणाली. बाटलीतलं पाणी दुधासारखं पांढरं आणि दाट झालं होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. काका त्या बाटलीकडे बघतच राहिले. डोळ्यांसमोर तो नितळ पेला आला. रंग गाळणाऱ्याला फडक्यात काय राहतं आणि खाली काय उतरतं, हे कुणी सांगावं लागत नाही.

मुलगी गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताकद होती ती मी रोज फडक्यातच टाकली, ना?"

मॅडमचे डोळे भरून आले. "काका, चूक माझी. मी कालवून दाखवायला हवं होतं. टाके त्यामुळेच सुटले, असंही नाही. सगळं नीट करूनही कुणाकुणाचे सुटतात. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

"तिला कळलं होतं?"

"हो. मी तुम्हाला सांगणार होते, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, त्यांना कधी सांगू नका, ते पुन्हा कशाला हात लावणार नाहीत."

काका घरी आले. तिसरा मजला चढायला त्यांना बराच वेळ लागला. दारापाशी मांजर बसली होती, पाठ गुबगुबीत, अंगावर तकाकी. पायात घोटाळत ती खायला मागू लागली. काका पायरीवर बसले आणि भिंतीवरून फिरवावा तसा तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. एकही बरगडी हाताला लागली नाही. तेव्हा कुठे, महिन्याभरात पहिल्यांदा, ते रडले.

मग उठून त्यांनी तिला बशीत दूध दिलं. न गाळता.